घुमीचं घर

फोनवर पहिला प्रश्न रंगाचा असतो, दुसरा वयाचा, आणि तिसरा ठरलेला: "मांडीवर येऊन बसते ना?"

गेली अकरा वर्षं मी मुंबईत मांजरांसाठी घरं शोधते आहे. दिवसा नोकरी, आणि हे काम संध्याकाळी व रविवारी. आम्ही सहा-सात जणं आहोत. कुणी मांजरं पकडतं, कुणी दवाखान्यात नेतं, कुणी घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतं. दत्तक मागणाऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे. त्या तिसऱ्या प्रश्नाला मी बरीच वर्षं एकच उत्तर देत आले, "बसेल हो, एकदा रुळली की." घुमीनंतर मी ते उत्तर देणं बंद केलं.

ती गिरगावातल्या एका चाळीतली. चाळ पुनर्विकासाला निघाली होती. माणसं भाड्याचे पैसे घेऊन कुणी विरारला, कुणी बदलापूरला, कुणी बहिणीच्या शेजारी दहिसरला अशी पांगली होती. वीज तोडली, पाणी तोडलं, दारं-खिडक्या उचकटून भंगारात गेल्या. मांजरं तेवढी राहिली. आम्हाला खबर दिली ती त्या चाळीच्या जिन्याशी तीस वर्षं मासळी विकणाऱ्या एका कोळणीनं. "बाय, गिऱ्हाईक गेली सगली, पन मांजरा येतात माझ्या पाटीमागं. नऊ हायत. मशीन आली की कुठं जातील?"

मांजर माणसाला नाही, जागेला धरून असतं, असं आपल्याकडे म्हणतात. यात थोडं खरं आहे, पण मागे सोडून जाणाऱ्याच्या मनाची समजूतही त्यातच आहे. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, उपासमार होईल अशा स्थितीत जनावराला सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दंड लिहिला आहे तो 10 ते 50 रुपये. पण मला त्या चाळीतल्या माणसांवर कायदा दाखवत धावून जावंसं वाटत नाही. पाच माणसांचं बिऱ्हाड एका टेम्पोत घालून कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत शिरायचं, आणि घरमालक दारातच सांगणार, कुत्रं-मांजर चालणार नाही. रडत गेलेली माणसंही त्यात असतीलच.

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. चाळीत ते किती सोपं असणार! एकच गॅलरी, ओळीनं दारं. एका खोलीचा माळा, दुसरीतली लाकडी पेटी, तिसरीत गाद्यांची चवड. आम्ही गेलो तेव्हा त्या गॅलरीला दारांच्या जागी नुसती भोकं होती, आणि त्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं.

चार रात्रींत आठ मांजरं सापळ्यात आली. नववी येईना. तिसऱ्या मजल्यावरच्या सार्वजनिक नळामागे, जिथे मोरीचा पाइप भिंतीत शिरतो त्या कोनाड्यात ती असायची. तिथे सापळा लावायचा, आत मांदेली ठेवायची, वर जुनी चादर टाकायची आणि खाली जिन्यात येऊन बसायचं. पाचव्या रात्री पहाटे चारच्या सुमाराला दार पडल्याचा आवाज झाला. वर गेलो. रस्त्यावरचं मांजर सापळ्यात अडकलं की थयथयाट करतं, जाळीवर डोकं आपटून नाक फोडून घेतं. ही सापळ्याच्या टोकाला, तोंड कोपऱ्याकडे करून बसली होती. गुरगुर नाही, ओरडणं नाही. माझ्याबरोबरचा मुलगा म्हणाला, "किती घुमी आहे ही." तेच नाव पडलं.

डॉक्टरांनी दात बघून वय दीड वर्ष सांगितलं. नसबंदी झाली, आणि भुलेत असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापलं. दुरून बघितलं तरी कळावं की हिचं ऑपरेशन झालं आहे, हिला पुन्हा पकडू नका, एवढ्यासाठी ते असतं. नंतरचा प्रश्न अवघड होता. पूर्ण वाढलेलं, माणसांत न वावरलेलं मांजर असेल तर त्याची नसबंदी करून ते उचललं त्याच जागी परत सोडायचं, हा आमचा नियम आहे आणि मला तो पटतो. पिल्लाच्या आयुष्यात साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात, माणसाचा आवाज, घरातला वास हे सगळं ओळखीचं होऊन जातं. ते दिवस माणसाशिवाय गेले तर पुढे त्याला घरात कोंडणं म्हणजे आपली हौस भागवणं. पण घुमीला परत सोडायचं तर कुठे? आठवड्याभरात त्या जागी पत्र्यांचं कुंपण आणि आत विटा-मातीचा ढीग होता.

म्हणून ती माझ्याकडे आली. प्रभादेवीला दोन खोल्यांत मी आणि माझी आई राहतो. कॅरियरचं दार उघडल्याबरोबर ती गोदरेजच्या कपाटामागे गेली आणि पुढचे बारा दिवस आम्हाला दिसली नाही. वाटी रात्री रिकामी व्हायची, लिटरमध्ये सकाळी खड्डा दिसायचा. मी त्या खड्ड्यावर खूश असायचे. भ्यालेलं मांजर खायचं थांबतं, आणि दोन-तीन दिवसांहून जास्त उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते. माणूस चार दिवसांचा उपास सहज काढेल, मांजराला तो मरणाच्या दारात नेतो. तेव्हा पहिली काळजी तिच्या खाण्याची. माया नंतर.

हळूहळू मला काही गोष्टी लक्षात आल्या. कुकरच्या शिट्टीला ती दचकत नव्हती. मिक्सर लावला की कपाटामागे धडपड व्हायची. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं की कपाटाच्या कडेला दोन-चार मिशा दिसायच्या आणि परत आत जायच्या. "हिला कुणीतरी डब्यातलं देत होतं," आई म्हणाली. मलाही तसंच वाटलं. ही कधीकाळी कुणाची तरी, निदान अर्धीमुर्धी तरी होती. नुसती बुजरी, रानटी नव्हे. या दोन शब्दांतलं अंतर ओळखणं हा आमच्या कामातला सगळ्यात जोखमीचा भाग. चूक झाली तर एक तर घरात राहू शकणारं मांजर रस्त्यावर जातं, नाहीतर रस्त्यावर सुखी असणारं चार भिंतींत झुरतं.

मी तेव्हा तिला जिंकायला निघाले होते. रोज ऑफिसातून आल्यावर कपाटासमोर फरशीवर बसायचे, हातावर उकडलेली मासळी धरायचे, मऊ आवाजात बोलायचे. 2020 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. माणसानं मांजराकडे बघत डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडले, तर मांजरही तसंच करण्याची शक्यता वाढते आणि ते अनोळखी माणसाच्या हाताजवळ यायलाही जास्त राजी होतं. तेही मी करून बघितलं. कपाटामागच्या अंधारात दोन हिरवे ठिपके एकटक माझ्याकडे बघत राहायचे. मिटायचे नाहीत.

ती बाहेर आली ती माझ्यासाठी नाही. आईसाठी आली, असंही म्हणता येणार नाही. आई रोज संध्याकाळी सातला देवाजवळ निरांजन लावून कपाटाशेजारच्या खुर्चीत बसते आणि हरिपाठ म्हणते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे पुस्तक नाही, सगळं पाठ. सूर रोज तोच, वेग तोच, मध्येमध्ये डोळे अर्धवट मिटलेले. तेराव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बघितलं, तर घुमी आईपासून चार हातांवर फरशीच्या मधोमध बसली होती, आईकडे पाठ करून. मांजर पाठ करून बसलं म्हणजे रुसलं असं समजू नये. ज्याच्याकडून धोका नाही त्याच्याकडेच ते पाठ करतं. आईला ती दिसत नव्हती. आई आपलं म्हणत राहिली. संपल्यावर उठताना खुर्ची करकरली आणि घुमी कपाटामागे.

मग ते रोजचं झालं. मी मात्र जवळ गेले की ती आत जायची. मला त्याचं वाईट वाटायचं, हे खरं आहे. एका रात्री मी आईजवळ तक्रार केली. आई म्हणाली, "तू तिच्याकडे सारखी बघत असतेस ना. तिला बघायला आलेलं माणूस नको गं. कामात असलेलं माणूस बघ तिच्यासाठी."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

दोन महिन्यांत तिच्या लशी पूर्ण झाल्या: तीन रोगांवरची एकत्र लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा बूस्टर, आणि रेबीजची. फोटो टाकला. करड्या पट्ट्यांच्या, कान कापलेल्या, पूर्ण वाढलेल्या मांजरीला विचारणारं सहसा कुणी नसतं. लोकांना पिल्लू हवं असतं, त्यातही पांढरं किंवा नारिंगी, आणि "पर्शियन आहे का" हे विचारणारे तर रोज असतात. तरी मुलुंडहून एका तरुण जोडप्याचा फोन आला. दोघंही मायाळू, शिकलेली, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या, भाड्याच्या घराचं मालकाचं लेखी संमतिपत्रसुद्धा तयार. माझ्या फॉर्मवरच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर. तिसरा प्रश्न त्यांनीही विचारला. मी म्हटलं, "थोडी लाजाळू आहे. रुळली की बसेल मांडीवर."

त्या दोघांच्या प्रेमात खोट नव्हती. त्यांनी तिच्यासाठी मऊ बिछाना आणला, चढायला झाड आणलं, घंटीचे चेंडू आणले. दारात रांगोळी काढून तिचा गृहप्रवेश केला, आणि तो बघायला आठ माणसं बोलावली. घुमी दिवाणाखाली गेली. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना. "ती एकटी पडली असेल" म्हणून दोघांनी दिवाण सरकवून तिला बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. नंतर ती खाईना. गादीवर लघवी केली. त्यांनी मला फोन केला तो बाराव्या दिवशी, आणि शेवटचे तीन दिवस वाटीला तोंड लागलेलं नाही हे त्या फोनवरच मला कळलं. मी तशीच टॅक्सी करून गेले. ती मुलगी दारात रडत होती. "आम्ही काय चुकलो?" तिनं विचारलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. मला घुमी माहीत होती आणि मी त्यांना दुसरीच मांजर सांगितली होती. घर मिळावं या घाईत मी एका जिवाबद्दल खोटं बोलले, आणि त्याची किंमत तिनं मोजली, त्या दोघांनीही मोजली. सलाइन लावावं लागलं. सहा दिवस दर चार तासांनी सिरिंजनं पातळ केलेलं खाणं तिच्या तोंडात घालावं लागलं, म्हणजे जे तिला सगळ्यात नको होतं तेच: धरणं, दाबणं, चेहरा वर करणं. सातव्या दिवशी पहाटे वाटीचा आवाज आला. मी अंधारात पडून तो ऐकला.

परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकातलं. जुनी मुंबईकर माणसं अजून त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ओझी ओढणाऱ्या जनावरांचं शहर होतं ते, तेव्हा नाव बरोबरच आहे. पण त्या दिवसांत तिथून जाताना ते नाव माझ्या मनात घोळत राहायचं. बैल गाडी ओढतो, घोडा टांगा ओढतो, कुत्रा राखण करतो. मांजरानं निदान मांडीवर बसावं, घुरघुरावं, एवढी आपली अपेक्षा. म्हणजे तीही एक प्रकारची चाकरीच. आणि जी तेवढंही करणार नाही, तिला कुणी घरात का घ्यावं? मी माझ्या सहकाऱ्यांना हे विचारलं तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. फक्त रात्री वाटीचा आवाज आला की मला शांत झोप लागायची, एवढं मला कळत होतं.

मग मी जाहिरात नव्यानं लिहिली. "मादी, वय अंदाजे पावणेदोन वर्षं, नसबंदी आणि लसीकरण झालेलं. रंग करडा, पट्टे. मांडीवर बसत नाही. बहुधा बसणारही नाही. उचललेलं चालत नाही. पाहुणे आले की दिसणार नाही. पहिले एक-दोन महिने ती घरात आहे हे फक्त रिकाम्या वाटीवरून कळेल. तिच्या आसपास बसून आपलं काम करत राहणारं माणूस हवं आहे." शेवटचं वाक्य आईचं.

एक सहकारी म्हणाली, हे वाचून कुत्रंसुद्धा फोन करणार नाही. पाच आठवडे जवळपास तसंच झालं. एका गोदामवाल्याला उंदरांसाठी मांजर हवी होती. एका विद्यार्थ्याचं मन चांगलं होतं, पण तो दर सहा महिन्यांनी खोली बदलत होता. मग एका दुपारी व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला. मागे सतत शिलाई मशीनचा खडखडाट. "ताई, नमस्कार. तुमची मांजरीची जाहिरात वाचली. मी डोंबिवलीला राहते, ब्लाऊज शिवते, फॉल-बिडिंग करते. दिवसभर मशीनवरच असते. मला कुणाकडे बघायला वेळ होत नाही. चालेल का तिला?"

मी तो निरोप तीनदा ऐकला आणि ठरवलं, नाही म्हणायचं.

कारण होतं. पाच वर्षांपूर्वी एका घरातून मी एक नारिंगी बोका दवाखान्यात नेला होता. तीन दिवस उलट्या. डॉक्टरांनी तोंड उघडून जीभ वर केली, तर जिभेखाली दोऱ्याचा फास. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात. दोरा एकदा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही, आतच जात राहतो. एक टोक वर अडकलं आणि दुसरं पुढे सरकत राहिलं की आतडं दोऱ्यावर चुण्यांसारखं गोळा होतं आणि कापलं जातं. असा दोरा तोंडातून किंवा मागून दिसला तरी ओढायचा नसतो, थेट दवाखाना गाठायचा असतो. तो बोका वाचला नाही. तेव्हापासून माझा नियम होता: जिथे शिवणकाम चालतं त्या घरात मांजर द्यायचं नाही. पाच वर्षांत मी तो मोडला नव्हता.

फोनवर नाही म्हणायच्याऐवजी मी प्रत्यक्ष गेले. त्या बाईंनी इतक्या सरळपणे विचारलं होतं की निदान कारण समोर बसून सांगावं असं वाटलं. डोंबिवली पूर्वेला जुन्या इमारतीत तिसरा मजला. दारावरची बेल बंद होती आणि तिथे चिठ्ठी चिकटवलेली: "कडी हळू वाजवा." कडी वाजवली. दार उघडलं, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीकडे खूण केली. यजमान रात्रपाळीला जायचे आणि दिवसा झोपायचे. वीस वर्षं तीच पाळी. सगळं घर हळू चालायला, हळू बोलायला शिकलेलं. "आणि मशीनचा आवाज?" मी कुजबुजत विचारलं. "त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मशीन थांबलं की यांना जाग येते."

मी दोऱ्याचं सांगितलं. बोक्याचंही सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या, मध्ये काही बोलल्या नाहीत. मग उठून मला दाखवायला लागल्या. टाचण्या आणि सुया स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. रिळं आणि बॉबिन जुन्या पानाच्या डब्यात, तोही कडीचा. कातरण गोणीत, गोणीचं तोंड सुतळीनं बांधलेलं. जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक लोहचुंबक काठीला बांधून ठेवलं होतं. रोज काम संपलं की सगळ्या फरशीवरून ते फिरवायचं. मुलगी रांगती असताना तिच्या गुडघ्यात अर्धी सुई मोडली होती. ती मुलगी आता नाशिकला नर्सिंग शिकते, पण आईची सवय गेलेली नाही. "एक दोरा खाली राहिला तर मला झोप येत नाही, ताई," त्या म्हणाल्या. मी मशीनखाली वाकून बघितलं. माझ्या स्वतःच्या घरात, जिथे कुणी शिवत नाही, तिथे याहून जास्त दोरे सापडले असते.

नियम करणं हे माझ्या कामात आवश्यक आहे, कारण मांजर मला येऊन सांगणार नाही की तिथे त्याचं काय झालं. पण त्या दिवशी मला कळलं की मी फॉर्मवर व्यवसाय विचारत होते आणि हात बघत नव्हते.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. खिडकीला कबुतरांची नायलॉनची जाळी होती, ती मांजर दातांनी तोडू शकतं, म्हणून लोखंडी जाळी लावायला सांगितली. मशीनच्या चाकाला आणि पट्ट्याला शेपटी अडकू नये म्हणून बाजूला प्लायवूड ठोकायला सांगितलं. आठ दिवसांनी त्यांनी दोन्हींचे फोटो पाठवले. प्लायवूडच्या कडा त्यांनी पॉलिशपेपरनं घासून घेतल्या होत्या. ते मी सांगितलं नव्हतं.

घुमीला न्यायच्या दिवशी आईनं एक जुनं सुती पातळ काढलं, न धुतलेलं, तिच्या खुर्चीवर महिनाभर अंथरलेलं. "हे खाली घाल तिला. ओळखीचा वास लागतो." डोंबिवलीला त्या ताईंनी पातळाची चौपदरी घडी मशीनच्या टेबलाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली. कॅरियर तिथेच उघडलं. घुमी बाहेर आली आणि गठ्ठ्यांमागे दिसेनाशी झाली. ताईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढली, कुणाच्या तरी ब्लाऊजला अस्तर लावायला घेतलं आणि मशीन सुरू केलं. मी दारात उभी राहून ते बघत होते. अकरा वर्षांत शेकडो मांजरं मी दारापर्यंत पोचवली, पण दत्तक घेणाऱ्याची पाठ बघून मला कधी इतकं निर्धास्त वाटलं नव्हतं.

निरोप यायचे ते आवाजी, मागे मशीन. "ताई, वाटी रिकामी." पुढचे पंधरा-सोळा निरोप एवढेच. मी त्यांना सांगितलं होतं की बाकी काही कळवायची घाई नाही. मग एक दिवस: "आज पातळावर बसली होती. मी उठले नाही, जेवायला उशीर झाला." दीड महिन्यानं: "हे सकाळी पाळीवरून आले तेव्हा दाराशी बसली होती. हे म्हणाले, आपल्याला कुणी दाराशी वाट बघणारं आहे." लग्नसराई सुरू झाली तसे निरोप कमी झाले. एकदा रात्री साडेअकराला आला, आवाज अगदी हळू: "बूट घालताना यांच्या पायाला अंग घासलं तिनं. हे तसेच उभे राहिले. गाडी चुकली." त्यात तक्रार नव्हती.

मांडीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी डोंबिवलीला गेले. लशीचं कार्ड बघायचं होतं आणि खरं सांगायचं तर घुमीला बघायचं होतं. बेल अजून बंदच होती. चिठ्ठी नवी होती: "कडी हळू वाजवा. दार उघडल्यावर खाली बघा." ताईंनी हातावर तिळगूळ ठेवला, चहा टाकला. कोपऱ्यात आईचं पातळ होतं, मधोमध मांजराएवढा खळगा पडलेला, कडेला करडे केस. एका खुंटीला कपड्याची पिशवी अडकवली होती. गिऱ्हाइकांची तयार ब्लाऊजं आता तिच्यात राहतात, कारण घुमीला रेशमावर झोपायला आवडतं आणि केसांवरून दोन-तीन जणींनी कुरकुर केली होती.

"कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी आतल्या खोलीकडे मान हलवली. दार बोटभर उघडं होतं. आत अंधार, पंखा, पांघरूण घेऊन झोपलेलं माणूस. पायाशी पांघरूण जरा जास्त उंच वाटत होतं.

"उठवू का?" त्या कुजबुजल्या.

मी नको म्हटलं. चहा प्यायले, कार्ड बघितलं, पुढच्या लशीची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर लिहिली. जिना उतरताना मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं.

घरी पोचेपर्यंत सात वाजत आले होते. आई खुर्चीत बसली होती.

"दिसली का गं?"

"नाही."

"बरं झालं," आई म्हणाली आणि निरांजनासाठी वात वळायला घेतली.